‘अरे’ म्हणणारा माणूस

‘द कूल किड्स’ नावाची एक अमेरिकन विनोदी मालिका २८ सप्टेंबर २०१८ रोजी फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि १० मे २०१९ रोजी संपली. अवघे बावीस भाग. निवृत्तांच्या एका वसाहतीतील भोजनगृह, तेथील एक ठरलेले टेबल, त्या टेबलाभोवती बसणारे तीन म्हातारे मित्र आणि चौथ्याची रिकामी खुर्ची, येथून पहिला भाग सुरू होतो. चौथा मित्र नुकताच वारला आहे. त्याच्या जागी आता कोणी बसायचे, हा वाद चालू असतानाच वसाहतीत नव्याने आलेली मार्गारेट नावाची बाई कोणालाही न विचारता त्या खुर्चीवर येऊन बसते. डेव्हिड ॲलन ग्रिअर, मार्टिन मल, लेस्ली जॉर्डन आणि व्हिकी लॉरेन्स हे चारही कलावंत तेव्हा साठी ओलांडलेले होते. मालिका थोर होती असे मी म्हणणार नाही. विनोद पुष्कळदा ढोबळ, प्रसंग ठरीव, आणि प्रत्येक वाक्यामागे प्रेक्षकांचा हशा. ती बंद पडली याचे मला विशेष दुःखही नाही. दुःख आहे ते याचे, की आपल्या मराठी दूरचित्रवाणीकडे बंद पडली म्हणून हळहळावे अशी या विषयावरची मालिकासुद्धा दाखवता येत नाही. आणि याचा दोष एकट्या वाहिन्यांचा नाही. तो आपलाही, म्हणजे मराठी साहित्य शिकवणाऱ्यांचा आणि त्यावर लिहिणाऱ्यांचाही आहे, असे मला या लेखात म्हणायचे आहे.

ही मालिका मी पाहिली ती योगायोगाने. पुण्यात संगणकाची नोकरी करणारा भाचा सुट्टीत जळकोटला आला होता, त्याच्या लॅपटॉपवर. पहिल्याच भागातली ती रिकामी खुर्ची पाहून मी थांबलो, कारण तशी एक जागा माझ्या ओळखीची होती. आमच्या गावात एका टेलरच्या दुकानापुढे लाकडी बाकडे आहे. निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक शेतकरी आणि स्वतः टेलरचाचा असे चौघे तेथे वर्षानुवर्षे सायंकाळी बसत. चाचांची मशीन चालू असे, बाकीच्यांची तोंडे. मी प्राध्यापक झाल्यावरही त्या बाकड्यावरून जाताना मान खाली घालून जात असे, कारण तेथे माझ्या वडिलांची जी थट्टा चाले ती मुलाने ऐकण्यासारखी नसे. ड्रायव्हरकाका अण्णांच्या नावाच्या शेवटी ‘या’ लावून त्यांना भर रस्त्यात हाक मारीत. ज्या माणसापुढे सगळा गाव ‘गुरुजी’ म्हणून वाकतो त्याला कोणीतरी असे पुकारतो, याचा मला लहानपणी राग येई. पुढे ड्रायव्हरकाका वारले. तेराव्यानंतर अण्णा दोन दिवस बाकड्यावर जाऊन आले आणि मग जाणेच थांबवले. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “आता मला आरे म्हणणारं कुणी ऱ्हायलं नाही.”

मराठीचा अध्यापक म्हणून या वाक्याने मला जितके अस्वस्थ केले तितके अलीकडे कोणत्याही समीक्षाग्रंथाने केलेले नाही. आपल्या भाषेत द्वितीय पुरुषाची व्यवस्था कशी आहे, हे आपण वर्गात व्याकरण म्हणून शिकवतो. ती माणसाच्या आयुष्याचा आलेख आहे, हे सांगत नाही. मूल जन्मते तेव्हा सगळे जग त्याला ‘अरे’ म्हणते. वय वाढते तसे ‘अरे’ म्हणणारे कमी होत जातात. आईवडील जातात, थोरली भावंडे जातात. पत्नी तर, निदान आमच्या पिढीपर्यंत, पहिल्या दिवसापासूनच ‘अहो’ म्हणत आलेली असते. सून, जावई, डॉक्टर, बँकेतला कारकून, सारेच ‘अहो’. सत्तरीत पोचलेल्या मराठी पुरुषाला एकेरीत बोलावणारी जी दोन-चार माणसे उरतात ती म्हणजे त्याचे मित्र. मित्र गेला की माणूस त्याच्या भाषेतून अर्धा नाहीसा होतो. उरतो तो केवळ आदरार्थी बहुवचनात.

आता मराठी मालिकांकडे पाहू. त्यांत म्हातारे नाहीत असे कोणीही म्हणणार नाही. उलट घरोघरी एक म्हातारा नेमलेला असतो. पण तो कोण असतो? आबा, अण्णा, नाना, दादासाहेब. नातेवाचक नाम हेच त्याचे नाव. २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठीवर, म्हणजे पुढे झी मराठी झालेल्या वाहिनीवर, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. केदार शिंदे यांचे दिग्दर्शन आणि दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेले आबा यांमुळे ती मालिका मराठी मध्यमवर्गाच्या मनात घर करून राहिली. तिच्या गुणवत्तेविषयी मला शंका नाही. पण ती तीन पिढ्यांच्या घराची मालिका होती, आणि आबांचे सारे शहाणपण, खट्याळपण घराच्या उंबऱ्याआत, मुला-सुनेच्या व नातवंडांच्या संदर्भात उलगडत होते. आबा आजोबा म्हणून अमर झाले. एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्यासमोर कसा असतो, हा त्या मालिकेचा विषयच नव्हता. तो कोणाचा तरी विषय व्हायला हवा होता, आणि टिपऱ्यांच्या यशानंतर तर व्हायलाच हवा होता.

तसे म्हटले तर दूरचित्रवाणीवरील मराठी विनोदाची सुरुवातच दोन पुरुषांच्या सोबतीने झाली आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्या पडद्यावर अवतरले. प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नात्याने भाऊ, वृत्तीने सोबती. एक भित्रा, एक धट्टाकट्टा. हा वारसा पुढे कोणाकडे गेला? २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली, सहा तरुण-तरुणी एका घरात राहतात आणि मैत्रीचे नवे कुटुंब उभे करतात. तरुणांना ती आवडली, मलाही आवडली. म्हणजे मैत्री हा मालिकेचा विषय होऊ शकतो, हे वाहिन्यांना ठाऊक आहे. फक्त ती विशीत करायची असते आणि लग्न झाले की संपवायची असते, असा काहीतरी अलिखित नियम आहे. साठीपुढच्या माणसाला कुटुंब असते, आजार असतो, इस्टेट असते, मित्र नसतात.

याची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. पहिले बाजाराचे. म्हाताऱ्यांकडे पाहून कोणी साबण विकत घेत नाही, हे अमेरिकेतही खरे आहे. तेथील व्यापारी वाहिन्यांच्या जाहिरातींचा भाव अठरा ते एकोणपन्नास या वयोगटातील प्रेक्षकसंख्येवर ठरत आला आहे. ‘द कूल किड्स’ शुक्रवारी रात्री लागत असे. मालिका संपली त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ पासून, फॉक्सने शुक्रवारची रात्र व्यावसायिक कुस्तीला दिली. म्हाताऱ्यांच्या गप्पा उठल्या आणि त्या जागी आखाडा आला. परंतु बाजाराचे हे कारण पुरते खरे नाही. त्याच अमेरिकेत ‘द गोल्डन गर्ल्स’ ही चार प्रौढ व वृद्ध मैत्रिणींची मालिका १९८५ ते १९९२ अशी सात वर्षे एनबीसीवर चालली. इंग्लंडचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. रॉय क्लार्क यांनी लिहिलेली ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ बीबीसीवर १९७३ मध्ये सुरू झाली आणि २०१० पर्यंत चालली. २९५ भाग. यॉर्कशरमधल्या होमफर्थ या छोट्या गावात तीन रिकामे म्हातारे टेकडीवर हिंडतात, चहा पितात, पोरकट उचापती करतात आणि घरी जातात. बस, एवढेच. क्लेगचे काम करणारे पीटर सॅलिस तर पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत त्यात होते. बीबीसी जाहिरातींवर चालत नाही, लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. मग आपल्याकडेही जनतेच्या पैशावर चालणारे दूरदर्शन आहे, सह्याद्री वाहिनी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्यासाठी आरोग्यसल्ला आणि भक्तिगीते यांपलीकडे आपण काय योजले?

दुसरे कारण रूपबंधाचे आहे, आणि ते अधिक गंभीरपणे घ्यावे लागेल. आपल्या वाहिन्यांवरची मुख्य मालिका आठवड्यातले पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षे चालते. इतके दिवस कथानक ओढायचे तर वाटणी लागते, वारस लागतो, लग्न लागते, कट लागतो. मैत्रीत वाटून घ्यायचे काही नसते, त्यामुळे भांडण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर मिटते. अशा नात्याला आठवड्यातून एकदा भेटणारे, एका बैठकीत सुरू होऊन त्याच बैठकीत संपणारे रूप हवे. ते रूप आपल्याकडे होते. टिपरे त्याच रूपातले. ते आपण दैनंदिन मालिकांच्या रेट्याखाली जवळजवळ गमावले, आणि त्याबरोबर ज्या नात्यांना फक्त तेच रूप मानवते ती नातीही गमावली. रूपबंध गेला की आशयही जातो, हे आपण कवितेच्या बाबतीत तासन्‌तास शिकवतो. मालिकेच्या बाबतीत मात्र ‘त्यात काय विश्लेषण करायचे’ म्हणून सोडून देतो.

येथे मी आपल्याकडे वळतो. वृद्ध माणूस म्हणजे शोकनाट्याचा नायक, हे समीकरण वाहिन्यांनी शोधलेले नाही. ते त्यांनी आपल्याकडून, म्हणजे मराठी रंगभूमी आणि तिच्या समीक्षेकडून उचलले आहे. १९७० मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ आले, पाठोपाठ जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’. दोन्ही मोठी नाटके आहेत. पण त्यानंतर अर्धे शतक आपण वृद्धत्व म्हटले की कृतघ्न किंवा दूर गेलेली मुले, एवढ्यावरच थांबलो. २०२४ साली आलेल्या ‘जुनं फर्निचर’ या चित्रपटात वडील मुलावर खटला भरतात. म्हणजे आपण रंगमंचावरून न्यायालयात आलो, पण वादी-प्रतिवादी तेच. बाप आणि मुलगा या अक्षावर म्हातारा नेहमी काहीतरी मागणारा असतो. आदर, घर, वेळ, न्याय. मागणारा माणूस करुण होऊ शकतो, उदात्तही होऊ शकतो. विनोदी होऊ शकत नाही. त्याच्यावर हसणे क्रूर ठरते. विनोदाला बरोबरी लागते, आणि बरोबरी फक्त मित्रासमोर असते. म्हाताऱ्याचा मित्र काढून घेतला की त्याचा विनोदही काढून घेतला जातो. आणि हसवण्याचा, हसले जाण्याचा हक्क ज्याला नाही तो माणूस पूर्ण माणूस नव्हे.

मी स्वतः या पापातून सुटलेलो नाही. गेली अनेक वर्षे मी पदवीच्या विद्यार्थ्यांना ‘गणपतराव बेलवलकरांची शोकांतिका स्पष्ट करा’ हाच प्रश्न घालत आलो. उत्तरे ठरलेली: मुलगा, सून, मुलगी, जावई, लिअर राजाशी साम्य. अण्णांचे ते वाक्य ऐकल्यानंतर मी नाटक पुन्हा वाचले, आणि लक्षात आले की घर सुटल्यावर गणपतरावांना माणूस म्हणून जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा राजा. रक्ताचे नाते नाही, वयाची बरोबरी नाही, तरी तो सोबती आहे. या सोबतीवर मी एकदाही प्रश्न घातला नव्हता. शिरवाडकरांनी लिहून ठेवलेले आम्ही शिकवणाऱ्यांनी पुसून टाकले होते.

आणि लोकांना हे हवे आहे की नाही? १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झालेला महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ आठवा. मूळ नाटकात नसलेले रामभाऊ हे पात्र चित्रपटाने आणले. नाना पाटेकरांचे गणपतराव आणि विक्रम गोखल्यांचे रामभाऊ हे दोन म्हातारे नट एकमेकांशी एकेरीत बोलतात, पितात, एकमेकांच्या नटपणाची सालटी काढतात, आणि रुग्णशय्येवर कर्ण-कृष्णाचा प्रवेश उभा करतात. चित्रपटाविषयी मतभेद असोत. त्यातले कोणते प्रसंग आठवतात असे मी वर्गात विचारतो तेव्हा विद्यार्थी मुला-सुनेच्या प्रसंगांआधी रामभाऊ सांगतात. ही वीस वर्षांची मुले आहेत. म्हाताऱ्यांची मैत्री तरुण पाहणार नाहीत, असे कोणत्या आधारावर ठरवले गेले? तरीही रामभाऊ हे दुय्यम पात्र, आणि त्यालाही मरावे लागते. हिंदीतला २०२२ चा ‘ऊंचाई’ घ्या. तेथे मैत्रीच केंद्रस्थानी आहे, पण चौथा मित्र मेल्यावर त्याची रक्षा घेऊन तिघांना एव्हरेस्टच्या तळापर्यंत चढावे लागते. म्हाताऱ्यांनी नुसते बाकड्यावर बसणे पुरेसे नाही. एक तर मरावे, नाही तर हिमालय चढावा. होमफर्थची टेकडी आपल्याला पुरत नाही.

एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो, कारण तो खरा आहे. गावच्या पारावरची, चावडीवरची म्हाताऱ्यांची बैठक ही काही निर्मळ मैत्रीची जागा नव्हती. तेथे कोण बसू शकत होते आणि कोणाला पायरीखाली उभे राहावे लागत होते, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आणि त्याच वेळी म्हाताऱ्या बाया कोठे होत्या? चुलीपाशी, नाही तर नातवंडांमागे. ‘पुरुषांच्या मैत्रीचे’ गोडवे गाणारी मालिका हे सारे झाकून टाकील, ही भीती रास्त आहे. पण याच कारणासाठी ती लिहिली गेली पाहिजे असे मला वाटते. पार आणि टेलरच्या दुकानापुढचे बाकडे यांत फरक आहे. आमच्या बाकड्यावर पार न लाभलेला माणूसही बसत होता, आणि बैठकीचे यजमान चाचा होते. हे आपोआप घडलेले नाही. चार माणसांनी आयुष्यभर भांडून, थट्टा करून, एकमेकांच्या घरची मर्तिके उचलून ते घडवले. ‘द कूल किड्स’च्या लेखकांनीही रिकाम्या खुर्चीवर चौथा पुरुष बसवला नाही, मार्गारेटला बसवले, आणि तिघांना तिच्यासाठी सरकायला लावले. विनोदी मालिकेचे सामर्थ्य हेच आहे, की ती कोणाची जागा कोणती हा प्रश्न भाषण न देता मांडू शकते. ज्ञानदेवांनी पसायदानात मैत्र मागितले, त्याची व्याख्याने आपण ठोकतो. ते मैत्र बाकड्यावर कसे दिसते, हे दाखवायला मात्र आपल्याला लेखक मिळत नाही.

सामग्रीची वानवा आहे, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आठवा. रत्नागिरीच्या आळीतली ती तिरकी, कोरडी वाणी एकट्याने बोलता येत नाही, तिला समोर तसाच मुरलेला श्रोता लागतो. आणि आमच्या भागाचे म्हणाल तर एकच उदाहरण देतो. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला; पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट. आता आमच्याकडच्या एका पिढीची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती अंदाजाने लिहिलेली असते. तेव्हा चार मित्रांचा वाढदिवस एकाच दिवशी, वर्षे मात्र गुरुजींच्या लहरीप्रमाणे पुढेमागे. जो खरोखर थोरला तो आधार कार्डावर धाकटा. उदगीरला फुकट चहा प्यायला निघालेल्या या चौघांत अर्धे तिकीट कोणी काढायचे, आणि साठ वर्षांपूर्वी चुकीचे साल लिहिणारा गुरुजी जर त्यांच्यातच एकाचा बाप निघाला तर काय होईल? हा पहिला भाग झाला. असे पन्नास भाग जळकोट ते उदगीर या रस्त्यावर पडलेले आहेत. उचलणारा नाही, कारण उचलण्याजोगे हे काही आहे, असे त्याला शिकवणारे आपण नव्हतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या शेजारी, उदगीरला भरले. मांडवात पुष्कळ म्हातारे होते. धोतर-टोपी घातलेले, दोघे-दोघे, तिघे-तिघे, एकमेकांचा हात धरून गर्दीतून वाट काढणारे. व्यासपीठावर साहित्याच्या भवितव्याची चर्चा चालू होती तेव्हा मागच्या खुर्च्यांवर ही मंडळी एकमेकांच्या कानात काहीतरी सांगून खुदखुदत होती. मी तेव्हा त्यांच्याकडे त्रासून पाहिले होते. आज वाटते, ऐकण्याजोगे मागे चालले होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाहिन्यांना दोष देणे आपल्याला आवडते, ते जरूर देऊ. पण आधी प्रश्नपत्रिका बदलू. ‘वृद्धांच्या समस्या’ हा निबंधाचा विषय एक वर्ष बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे संभाषण अर्धा तास ऐकून जसेच्या तसे लिहून आणायला सांगू. त्यातला ‘अरे’ मोजायला सांगू. त्या वह्यांतून उद्या एखादा मालिकालेखक निघाला आणि त्याची मालिका बावीस भागांत बंद पडली, तरी चालेल.

अण्णा अजून बाकड्यावर जात नाहीत. आठवड्यातून एकदा चाचाच घरी येतात, काठी टेकत. उर्दूच्या वळणाने तेही अण्णांना ‘आप’च म्हणत आले आहेत. मागच्या आठवड्यात मात्र उंबऱ्यातूनच त्यांनी अण्णांच्या नावाच्या शेवटी ‘या’ लावून हाक मारली. आतून बराच वेळ उत्तर आले नाही. मग आले: “आरे, ये की.”